राजवाड्यातली लिपी

न्सांगू राजा रणात पडला आणि शत्रूने त्याचं शिर कापून नेलं. 1880च्या दशकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. मुलूख आजच्या कॅमेरूनच्या पश्चिम भागातला, गवताळ डोंगर-पठारांचा. शत्रू म्हणजे शेजारचं न्सो राज्य. बामुम लोकांच्या रीतीप्रमाणे गेलेल्या राजाची कवटी ही वारसाच्या हक्काची खूण. ती हाती नसेल तर नवा राजा गादीवर बसतो, पण गादी पुरती त्याची होत नाही. वारस होता न्सांगूचा मुलगा न्जोया, अजून कोवळ्या वयाचा. कारभार राजमाता न्जापदुन्केने हाती घेतला. तिच्या जोडीला होता राजवाड्यातला एक वजनदार अधिकारी, ग्बेत्नकोम न्दोंबुओ. अल्पवयीन राजा, करारी आई आणि महत्त्वाकांक्षी कारभारी! पुढे काय होणार याचा अंदाज इतिहास वाचणाऱ्याला आधीच येतो.

तसंच झालं. न्जोया जाणता होऊन राज्य स्वतः पाहू लागला तेव्हा कारभाऱ्याने बंड केलं. 1890च्या दशकाच्या मध्यात फुंबान या राजधानीभोवती भाऊबंदकीचं युद्ध पेटलं. न्जोयाला ते एकट्याने आवरेना. शेवटी त्याने उत्तरेकडच्या बान्योच्या फुलानी अमीराकडे मदत मागितली. बान्योचे घोडेस्वार आले आणि बंड मोडलं. घोडदळाची ताकद न्जोयाने डोळ्यांनी पाहिली, आणि त्या स्वारांचा नमाजही पाहिला. तो इस्लामकडे वळला. फुलानी आणि हौसा व्यापाऱ्यांबरोबर फुंबानमध्ये अरबी अक्षरांचे कागद येत होते. निरोप, हिशेब, ताईत, प्रार्थना, सगळं कागदावर. आपल्याकडे राज्य आहे, सैन्य आहे, पण आपलं बोलणं मात्र वाऱ्यावर जातं, ही बोच या तरुण राजाला तिथेच लागली असावी.

हे बोलणं म्हणजे शुपामोम भाषा. राजघराण्याची परंपरा सांगते, की न्शारे नावाचा एक टिकार राजपुत्र चौदाव्या शतकाच्या अखेरीस नून नदी ओलांडून इकडे आला, इथल्या छोट्या सरदारांना जिंकून त्याने राज्य मांडलं. इतिहासकार हा काळ बराच अलीकडचा मानतात. पण परंपरेतली खरी रंजक गोष्ट वेगळीच आहे. जेत्यांनी आपली टिकार भाषा सोडली आणि जिंकलेल्या लोकांची भाषा उचलली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी म्बुएम्बुए या राजाने राज्य कित्येक पटींनी वाढवलं, घोडेस्वारांना अडवायला राजधानीभोवती खोल खंदक खणला. दोन आघाड्यांवर एकाच वेळी जिंकल्याची खूण म्हणून दोन तोंडांचा साप हे राजचिन्ह झालं. राज्य वाढलं तशी भाषाही पसरली.

भाषाशास्त्रज्ञ शुपामोमला बांटॉइड कुळात घालतात. थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या बांटू भाषा ही याच कुळाची एक शाखा. नायजेरिया आणि कॅमेरूनच्या सरहद्दीवर या कुळाचं मूळ घर, त्यामुळे इथे भाषांची दाटी विलक्षण. एका टेकडीवरची बोली पलीकडच्या टेकडीवर कळेलच असं नाही. एकट्या कॅमेरूनमध्ये अडीचशेच्या आसपास भाषा मोजल्या जातात. त्यांतल्या कितीतरी भाषांची माहिती कागदावर आली ती परक्यांच्या हातून, मिशनऱ्यांच्या नाहीतर अधिकाऱ्यांच्या वहीत. शुपामोमचं तसं झालं नाही. तिची पहिली अक्षरं तिच्याच राजाने काढली, तीही युरोपीय माणूस फुंबानमध्ये पाऊल ठेवण्याच्या आधी.

बामुम इतिहासात ही हकीकत स्वप्नाने सुरू होते. 1896च्या सुमारास न्जोयाला स्वप्नात कुणीतरी सांगितलं, की एका फळीवर माणसाचा हात काढ, मग तो धुऊन ते पाणी पिऊन टाक. राजाने उठून तसं केलं. कुराणातली वचनं लाकडी फळीवर लिहून, ती धुऊन पाणी पिण्याची चाल पश्चिम आफ्रिकेतल्या मुसलमान समाजांत जुनी आहे. म्हणजे स्वप्नसुद्धा शेजाऱ्यांकडे पाहूनच पडलं होतं. त्यानंतरचं काम मात्र दैवी नव्हतं, चांगलंच कष्टाचं होतं. राजाने आपल्या माणसांना बोलावून सांगितलं, की प्रत्येकाने निरनिराळ्या वस्तूंची आणि क्रियांची चिन्हं काढून आणा. आलेली चित्रं गोळा करून त्यांतून एक लिपी जुळवायचा प्रयत्न त्याने केला, तो फसला. पुन्हा केला, पुन्हा फसला. असे पाच प्रयत्न वाया गेल्यावर सहाव्यांदा जमलं, असं राजवाड्यातला इतिहास सांगतो. या खटपटीत त्याच्या हाताशी दोन हुशार माणसं होती, न्जी मामा आणि अजिया न्जी ग्बोरोन. ‘न्जी’ हा मानाचा किताब. न्जी मामाचं नाव पुढेही येईल, कारण या राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक नव्या उद्योगात त्याचा हात होता.

पहिल्या लिपीत, म्हणजे ‘लेवा’त, पाचशेच्या आसपास चिन्हं होती. मासा दाखवायचा तर माशासारखं चिन्ह, राजा दाखवायचा तर राजाचं. ओळी कोणत्याही दिशेने लिहिल्या तरी चालत. इतकी चिन्हं पाठ करणं कुणालाही जड जाणार, आणि न्जोयाला ते लगेच कळलं. इथे भाषेचा स्वभाव त्याच्या मदतीला आला. शुपामोममधले बरेच मूळ शब्द एकाक्षरी आहेत. त्यामुळे एखाद्या वस्तूचं चिन्ह त्या वस्तूपासून सोडवून नुसत्या तिच्या उच्चारासाठी वापरणं सोपं होतं. तसं केलं की तेच चिन्ह दहा वेगळ्या शब्दांत बसतं. मेसोपोटेमियात, इजिप्तमध्ये हा प्रवास व्हायला शतकं लागली. न्जोयाने तो चौदा वर्षांत उरकला, पण त्याला तयार लिप्यांची उदाहरणं समोर दिसत होती, हेही लक्षात ठेवायला हवं. लिहिता येतं हे ठाऊक असलेल्या माणसाने कसं लिहायचं ते शोधणं, आणि लिहिणं ही कल्पनाच नसताना ती सुचणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. त्याने त्याचं श्रेय कमी होत नाही.

दर काही वर्षांनी राजा लिपी पुन्हा हातात घेई. नको असलेली चिन्हं काढून टाकी, उरलेल्यांची वळणं सोपी करी. अभ्यासक असे सहा-सात टप्पे मानतात. नंतरच्या टप्प्यांना त्यांतल्या पहिल्या काही अक्षरांवरून नावं पडली. 1910मध्ये जी लिपी स्थिर झाली तिचं नाव ‘अ-का-उ-कु’. आता चिन्हं उरली होती ऐंशी, त्यांतली दहा आकड्यांचंही काम करत. उच्चार बदलायला अक्षराच्या डोक्यावर द्यायच्या दोन खुणा होत्या, आणि विशेषनाम येतंय हे सांगायला त्याच्याआधी घालायची एक वेगळी खूण होती. चित्रांचा मागमूस राहिला नव्हता. ओळ डावीकडून उजवीकडे धावू लागली.

दरम्यान 1902च्या जुलैमध्ये जर्मन फुंबानला पोचले. किनाऱ्यावर 1884पासून त्यांची वसाहत होती, आता ती आत सरकत होती. न्जोयाच्या काही सरदारांना लढायचं होतं. राजाने नकार दिला. फुलानी घोडदळ पाहिलेल्या माणसाला बंदुकांचा हिशेब कळत होता. त्याने जर्मनांना जेवू घातलं, जागा दिली आणि त्यांच्याकडून काय काय मिळवता येईल ते पाहत राहिला. 1906मध्ये त्याला हवं ते मिळालं. जर्मन कप्तान ग्लाउनिंगने न्सो राज्यावर मोहीम काढली तेव्हा न्जोयाचे लोक तिच्यात सामील झाले, आणि न्सोचा पाडाव झाल्यावर न्सांगूचं शिर फुंबानला परत आलं. इतक्या वर्षांची अपुरी गादी पुरी झाली. न्सोच्या बाजूने हा इतिहास लिहिला तर तो अर्थातच वेगळा दिसतो: शेजाऱ्याने परक्यांना आणून आपला सूड उगवला. न्जोयाच्या हुशारीच्या कथा सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो. गाळू नये.

त्याच वर्षी बासेल मिशनचा मार्टिन ग्योरिंग फुंबानला राहायला आला. राजाने मिशनला शाळा काढू दिली, प्रवचनं ऐकली, बायबलमधल्या गोष्टींवर वाद घातले, पण बाप्तिस्मा घेतला नाही. शेकडो राण्यांचा प्रश्न होताच, शिवाय कोणत्याही एका धर्माच्या हाती आपली चावी द्यायची त्याची तयारी नव्हती. पुढे त्याने इस्लाम, ख्रिस्ती धर्म आणि बामुम रिवाज यांची सांगड घालून स्वतःचंच एक धर्मपुस्तक लिहवून घेतलं. ग्योरिंगने 1907मध्ये मिशनच्या मासिकात या राजाबद्दल आणि त्याच्या लिपीबद्दल लिहिलं, तेव्हा युरोपात ही बातमी पसरली. प्रवासी, मानववंशशास्त्रज्ञ, फोटो काढणारे येऊ लागले. 1911मध्ये आलेली स्विस शिक्षिका आना वुहरमान हिने काढलेले फुंबानच्या माणसांचे फोटो आजही पाहावेत असे आहेत. त्यांतली माणसं नमुना म्हणून उभी केलेली नाहीत, ओळखीच्या बाईकडे पाहतात तशी पाहतात.

1908मध्ये न्जोया स्वतः किनाऱ्याजवळच्या बुएआला गेला, जर्मन गव्हर्नरकडे. बरोबर कैसर विल्हेल्म दुसरा याच्यासाठी वाढदिवसाची भेट होती: मण्यांनी आणि कवड्यांनी मढवलेलं, ‘मांदू येनू’ नावाचं सिंहासन. ते त्याच्या वडिलांचं. देण्यासाठी प्रतिकृती घडवायला घेतली होती, पण ती वेळेत पुरी झाली नाही म्हणून अस्सलच द्यावं लागलं. ते सिंहासन आज बर्लिनमध्ये आहे. ती भेट होती की वसाहतीच्या दाबाखाली काढून घेतलेली वस्तू, यावर अजून वाद चालतो. न्जोयाच्या दृष्टीने तो राजाने राजाला दिलेला नजराणा असावा. कैसरच्या दृष्टीने तो तसा नव्हता, हे सांगायला नको. बुएआतून न्जोया रिकाम्या हाताने आला नाही. गव्हर्नरचा वाडा त्याने नीट निरखला होता. 1917पासून फुंबानमध्ये विटांचा जो भव्य राजवाडा उभा राहू लागला त्याच्या मागे ती स्मृती होती, आणि रचनेच्या कामात न्जी मामा.

1908 ते 1915 हा या लिपीचा भराचा काळ. आणि इथे मला जरा थांबायचं आहे, कारण लिपी शोधली हे सगळे सांगतात, ती वापरली कशाला हे क्वचित कुणी सांगतं. न्जोयाने ती कारभाराला जुंपली. राजवाड्यात जन्म आणि लग्नं लिहिली जाऊ लागली, न्यायनिवाडे लिहिले जाऊ लागले. राजघराण्याचा आणि रीतिरिवाजांचा एक मोठा ग्रंथ सिद्ध झाला. आधी हे सगळं माणसांच्या स्मरणात राही, आणि स्मरणशक्ती सोयीप्रमाणे वाकते. औषधी झाडपाल्याचं पुस्तक झालं. स्त्री-पुरुषांच्या सुखाविषयीचंही एक पुस्तक झालं, मिशनऱ्यांनी ते कौतुकाने वाचलं असेल असं वाटत नाही. शिकवायला शाळा निघाल्या, पहिली राजवाड्यात आणि मग राज्यभर, चाळीसहून अधिक. शिकलेल्यांची संख्या हजारावर गेली असं सांगतात. आकडा लहान वाटेल, पण त्या काळात त्या मुलखात आपल्याच भाषेत वाचणारी इतकी माणसं दुसरीकडे कुठे होती?

1912मध्ये राजाने आपल्या राज्याची मोजणी हाती घेतली. साठेक माणसांचा ताफा डोंगर, नद्या, गावं पाहत निघाला. पावसाळ्याने अडवेपर्यंत त्यांचं काम बावन्न दिवस चाललं. त्यातून तयार झालेल्या नकाशावर गावांची नावं राजाच्या लिपीत आहेत. वसाहतीत नकाशा काढणं हा राज्यकर्त्यांचा हक्क मानला जाई. न्जोयाने तो हक्क कुणाला न विचारता बजावला. 1913च्या सुमारास त्याने आणखी पुढचं पाऊल टाकलं. बामुम ओतारी मेणाचा साचा करून पितळ-तांब्याच्या मूर्ती घडवण्यात तरबेज होते. त्यांना त्याने छपाईचे खिळे ओतायला सांगितलं. ऐंशी अक्षरं, प्रत्येकाच्या कितीतरी प्रती. काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. हाताने फिरवायचं धान्य दळायचं यंत्रही त्याने याच काळात बनवलं.

याच धडपडीतलं एक विचित्र अपत्य म्हणजे शुमोम. न्जोयाने दरबारासाठी एक वेगळी भाषाच रचली. व्याकरण शुपामोमचं, पण शब्द जर्मन, फ्रेंच, इंग्रजी ऐकून उचललेले, आणि त्यांचे अर्थ मुद्दाम फिरवलेले. म्हणजे जर्मन माणसाने ऐकलं तर ओळखीचे आवाज कानावर पडावेत आणि समजू मात्र काही नये. यात गंमत होती, गुप्तता होती, आणि कदाचित थोडा खट्याळपणाही होता. तुम्ही आमची भाषा वहीत टिपता, मग आम्ही तुमची टिपून तिचं काय करतो ते पाहा. राजवाड्याच्या वर्तुळाबाहेर शुमोम फारशी कधीच गेली नाही. आज ती बोलणारे थोडे आहेत, तेही बहुतेक त्याच वर्तुळातले.

महायुद्ध आलं आणि जर्मन गेले. 1915च्या डिसेंबरात ब्रिटिश फौज फुंबानमध्ये शिरली. न्जोयाला ब्रिटिश राहायला हवे होते. देशी राजांमार्फत राज्य चालवायची त्यांची पद्धत त्याच्या कानावर होती, आणि त्याने तशी इच्छा कळवलीही. पण कॅमेरूनची वाटणी झाली तेव्हा बामुम राज्य 1916मध्ये फ्रेंचांच्या वाट्याला गेलं. फ्रेंचांच्या प्रशासनात मधला राजा ही अडचण असे. त्यांना हवे होते हुकूम पाळणारे मुखिया. आणि शाळेत फक्त फ्रेंच.

पुढची सात-आठ वर्षं हे राज्य एकेक वीट काढून उतरवण्यात गेली. न्जोया जुलमी आहे, गुलाम बाळगतो, वर्गण्या उकळतो, अशा तक्रारी नोंदवल्या गेल्या, आणि त्यांतल्या सगळ्या खोट्या नव्हत्या. त्याच्या राज्यात गुलाम होते, सरदारांचे मळे त्यांच्या घामावर चालत. राजवाड्याने दुखावलेली माणसं होती. मोझे येयाप हा फ्रेंचांचा दुभाषा, मिशनच्या शाळेत शिकलेला ख्रिस्ती, राजघराण्याच्या नात्यातला आणि न्जोयाचा कट्टर विरोधक. त्याच येयापने पुढे बामुम कलावस्तू गोळा करून फुंबानमध्ये संग्रहालय काढलं. म्हणजे बामुम वारसा राखणारे एकाच पक्षात नव्हते.

लिपीच्या शाळा बंद झाल्या. पुस्तकं, साहित्य जप्त झालं, काही जळालं. 1920च्या सुमारास, सात वर्षांच्या कामानंतर, न्जोयाने छपाईचे खिळे स्वतःच मोडून टाकले असं सांगतात. दळायचं यंत्रही मोडलं. राग म्हणा, निराशा म्हणा. माझा अंदाज असा, की आपली वस्तू दुसऱ्याने मोडण्यापेक्षा आपण मोडलेली बरी, इतका साधा हिशेब त्यात असेल. 1924मध्ये राज्याचे सतरा तुकडे करून प्रत्येकावर एक मुखिया बसवला. ‘न्गुऑन’ हा उत्सवही त्याच वेळी थांबला. त्या उत्सवात राजाला लोकांसमोर उभं करून त्याच्या कारभाराचे वाभाडे काढले जात. जुलमी राजापासून प्रजेला सोडवायला निघालेल्या सरकारने राजाला जाब विचारायची प्रजेची जुनी सोयच बंद केली! 1931मध्ये न्जोयाला याउंदेला हद्दपार केलं. तिथेच 1933मध्ये तो वारला.

फ्रेंचांना या ऐंशी अक्षरांची भीती का वाटावी? त्यांना अक्षरांची भीती नव्हतीच. त्यांना त्या अक्षरांमागचं दफ्तर खुपत होतं. जिथे लग्न, खटला, जमीन आणि इतिहास परक्या माणसाला वाचता न येणाऱ्या लिपीत नोंदला जातो, तिथे सरकार दोन होतात. पण लिपी इतक्या लवकर का विझली, या प्रश्नाचं सगळं उत्तर फ्रेंचांपाशी नाही. ती राजवाड्यात जन्मली, राजवाड्याच्या पैशावर वाढली आणि राजवाड्याच्याच कामाला आली. बाजारातल्या कोंबडी विकणाऱ्या बाईला तिची गरज पडण्याआधीच राजवाडा पडला. आणखी तीस वर्षं मिळाली असती, खिळे छापखान्याला लागले असते, तर वेगळं झालं असतं का? कदाचित.

शेजारच्या बागाममध्ये याचंच छोटं रूप दिसतं. तिथल्या एघाप लोकांची भाषाही याच गवताळ प्रदेशातली, बोलणारे फार थोडे. बागामच्या राजाकडेही स्वतःची लिपी होती, बामुमशी नातं सांगणारी. पहिल्या महायुद्धात तिथे आलेल्या माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिची शंभरेक चिन्हं उतरवून घेतली. त्याचा लेख पुढे छापून आला, पण चिन्हांशिवाय. मूळ हस्तलिखित केंब्रिजमध्ये पडून राहिलं. कॉनराड टुखशेरर या अमेरिकी इतिहासकाराने ते शोधून 1999मध्ये चिन्हं लोकांसमोर आणली. तोवर बागाममध्ये ती लिपी चालत नव्हती.

आणि ज्या भाषांना राजवाडा नव्हताच, त्यांचं काय झालं? बामुमच्या उत्तरेला, आदामावा भागातल्या मांबिला मुलखात कासाबे नावाची एक बांटॉइड भाषा होती. 1990च्या दशकाच्या मध्यात ब्रूस कॉनेल हा भाषाशास्त्रज्ञ तिथे गेला तेव्हा ती बोलणारा एकच माणूस उरला होता, बोगोन. त्या वेळी सवड थोडी होती, म्हणून तो सविस्तर कामासाठी पुन्हा आला 1996च्या नोव्हेंबरच्या मध्यावर. बोगोन 5 नोव्हेंबरला वारला होता. मागे बहीण होती, तिला भाषा कळत असे पण बोलता येत नसे. मुलं-नातवंडं होती, त्यांना ती कळतही नव्हती. त्यांच्या मुखात आता शेजाऱ्यांच्या भाषा होत्या. त्याच टापूतली न्जेरेप भाषा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या म्हाताऱ्या माणसांपुरती उरली होती. शुपामोमची गत तशी नाही; ती बोलणारे आजही लाखांनी आहेत. धोक्यात आहे ते तिचं लिहिणं आणि दरबारी शुमोम. बोलणं उरलं, दफ्तर बुडालं.

न्जोयानंतर त्याचा मुलगा सेइदू न्जिमोलुह गादीवर आला आणि 1992पर्यंत राहिला. राज्यकर्ता कमी, मानकरी जास्त, तरी फुंबान त्याच्या काळात बामुमांचं केंद्र टिकून राहिलं. 1952मध्ये न्जोयाचा तो इतिहासग्रंथ छापून आला. पण छापलं गेलं ते फ्रेंच भाषांतर, आंरी मार्तां या पाद्रीने केलेलं. त्याच्या दोन वर्षं आधी दुगास्त आणि जेफ्रीज या अभ्यासकांचं लिपीवरचं पुस्तकही फ्रेंचमध्येच निघालं होतं. 17 ते 21 जुलै 1961 या दिवसांत याच फुंबानमध्ये स्वतंत्र कॅमेरूनचं भवितव्य ठरलं. फ्रेंच अमलातला भाग आणि ब्रिटिश अमलातला दक्षिण भाग यांचं संघराज्य कसं असावं यावर पहिल्या भागाचा नेता आहिजो आणि दुसऱ्याचा नेता फोंचा यांचे पक्ष तिथे बसले. नव्या देशाच्या राजभाषा झाल्या दोन, फ्रेंच आणि इंग्रजी. पन्नास वर्षांपूर्वी ज्या गावात सरकारी नोंदी स्वतःच्या लिपीत होत होत्या, तिथे झालेल्या या सभेत तिसऱ्या एखाद्या भाषेचा प्रश्न निघण्याचं कारणच उरलं नव्हतं. आज देशाच्या इंग्रजी भाषक भागात जो रक्तपात चालला आहे, त्याची मुळं शोधणारे फुंबानच्या त्या सभेपर्यंत जातात.

1992मध्ये इब्राहिम म्बोंबो न्जोया राजा झाला. न्गुऑन पुन्हा सुरू झाला. 2023मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. 2021मध्ये म्बोंबो न्जोया वारल्यावर त्याचा तरुण मुलगा नबील गादीवर आला, आणि 2024मध्ये राजवाड्याशेजारी नवं संग्रहालय उघडलं, दोन तोंडांच्या सापाच्या आकाराचं. प्रवासी फोटो काढतात ते त्याचे. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते याच्या बरंच आधी सुरू झालेलं आणि फोटोत न मावणारं काम. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टुखशेररने राजवाड्याबरोबर बामुम कागदपत्रांचा प्रकल्प उभा केला, ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दफ्तरांसाठीच्या योजनेतून त्याला पैसा मिळाला. राजवाड्यात आणि घराघरांतल्या पेट्यांत मिळून सात हजारांवर कागद निघाले. वाळवी आणि दमट हवेतून वाचलेले. काही 1920च्या दशकात लपवून ठेवलेलेही असतील. वारसांना ते कागद आपल्याच आजोबा-पणजोबांचे आहेत हे ठाऊक होतं, वाचता मात्र येत नव्हतं. त्यांत औषधं होती, वंशावळी होत्या, निवाडे होते. राजवाड्यात वर्ग सुरू झाले, आणि लिपी येणाऱ्या मोजक्या म्हाताऱ्यांना पुन्हा विद्यार्थी मिळाले.

2009मध्ये ही लिपी युनिकोडमध्ये आली, तिच्या शेवटच्या रूपात. पुढच्या वर्षी जुने टप्पेही आले, थेट 1896पर्यंतचे. न्जोयाने स्वतः काही वर्षांतच बाद केलेली चिन्हंसुद्धा आता संगणकावर लिहिता येतात. त्यांचा उपयोग शोभेपुरता नाही. राजाने लिपी सतत बदलली, त्यामुळे ‘अ-का-उ-कु’ शिकलेल्या विद्यार्थ्याला 1900चा कागद दिला तर तो अडतो. आधी टप्पा ओळखावा लागतो, मग वाचन. पण म्हणूनच, तारीख नसलेला एखादा कागद पेटीतून निघाला, तर त्यातली चिन्हं तपासून तो कोणत्या वर्षांच्या आसपास लिहिला गेला ते बऱ्यापैकी सांगता येतं.